खर्ड्याची गढी आणि शिदनाकांची राहुटी

आपल्याकडे वाड्याचा इतिहास लिहायचा म्हटला की तो बांधून घेणाऱ्या सरदाराच्या नावाने सुरू होतो आणि त्याच्या वारसांच्या भाऊबंदकीवर संपतो. अमुक सरदाराने अमुक साली वाडा "बांधला", असे एक वाक्य लिहिले की काम झाले. दगड कोणी फोडला, चुना कोणी मळला, माती कोणाच्या डोक्यावरून आली आणि वाडा उभा राहिल्यावर त्या माणसांना उंबरठ्याच्या कोणत्या बाजूला उभे केले गेले, हे विचारले की लोकांच्या कपाळावर आठ्या पडतात. "इथेही तुम्ही जात आणणार का?" असे विचारले जाते. आमचे उत्तर सरळ आहे. जात आम्ही आणलेली नाही. वाड्याचा नकाशा काढला गेला तेव्हाच ती त्यात आखली गेली होती. आम्ही फक्त ती रेघ वाचून दाखवतो.

म्हणून या लेखात आम्ही आमच्या जिल्ह्यातील खर्ड्याच्या गढीचा इतिहास दाराच्या बाजूने मांडणार आहोत. कोणाला सन्मानाने आत घेतले, कोणाला वेशीवर उभे केले आणि कोणाला गरजेपुरते जवळ करून पुन्हा बाहेर काढले, या अंगाने.

खर्डा हे जामखेड तालुक्यातले गाव. नगर जिल्ह्याच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, अगदी आग्नेय टोकाला. पलीकडे बीड आणि धाराशिव, म्हणजे जुना निजामाचा मुलूख. अठराव्या शतकात खर्डा निंबाळकरांकडे होते. हे निंबाळकर घराणे मराठा, पण चाकरी निजामाची. इंग्रज सरकारने १८८४ साली छापलेल्या नगर जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये गावाच्या मधोमध असलेल्या निंबाळकरांच्या देखण्या वाड्याची नोंद आहे. तो तेव्हाच पडझडीला आला होता. गावाच्या आग्नेयेला याच निंबाळकरांनी १७४० च्या दशकात चौकोनी भुईकोट किल्ला बांधला. जाड दगडी तट, भोवती खंदक, आत मशीद आणि बारव. आज त्याला शिवपट्टण किल्ला म्हणतात. वाडा राहण्यासाठी आणि किल्ला लढण्यासाठी, पण मालक एकच आणि राबणारेही तेच. म्हणून या लेखात आम्ही दोन्ही वास्तूंना मिळून गढी म्हणतो.

गढी म्हणजे नुसते राहते घर नव्हते, हे आधी समजून घेतले पाहिजे. दगडी जोते, वर पांढरीच्या मातीच्या रुंद भिंती, मोठा दरवाजा आणि त्यात माणूस वाकून जाईल एवढी दिंडी. दरवाजाच्या दोन्ही अंगांना पहारेकऱ्यांच्या देवड्या. आत चौक, चौकाभोवती सोपे, धान्याची पेवे आणि बळदे. सारा इथेच जमा व्हायचा, न्यायनिवाडा इथेच व्हायचा आणि सारा थकवणारा इथेच उन्हात उभा केला जायचा. आजच्या भाषेत तहसील, पोलीस ठाणे, कोर्ट आणि गोदाम एकाच छपराखाली. अशा घराचे दार कोणासाठी किती उघडते, यावर त्या पंचक्रोशीतील माणसाची किंमत ठरत होती.

या घराच्या दाराशी महाराचे नाते काय होते? वतनाचे. "वतन" हा शब्द ऐकायला मोठा आहे. पाटलाचे वतन आणि महाराचे वतन एकाच शब्दाने ओळखले जाते, पण एकात हुकूम होता आणि दुसऱ्यात राबणूक. वेसकर म्हणून रात्री वेशीवर जागायचे. सरकारी सारा डोक्यावर घेऊन ठाण्याला पोचवायचा. टपाल न्यायचे, वाटसरूचे ओझे उचलायचे, लाकडे फोडून द्यायची, मेलेले ढोर ओढायचे. गावाच्या शिवेचा तंटा पडला की साक्षीलाही महारच, कारण शीव त्याच्याइतकी कोणालाच पाठ नसे. म्हणजे गावाची हद्द महाराच्या तोंडून ठरायची आणि त्याच गावाच्या हद्दीत त्याचे घर नसायचे. या सगळ्याच्या बदल्यात बलुत्याचे चार दाणे, दारोदार मागितलेली भाकर आणि हाडकीची जमीन. ज्या भिंतीची रात्रभर राखण करायची, त्या भिंतीला दिवसा हात लावायचा नाही.

भिंतीच्या पायाचीही एक गोष्ट आहे. १८५५ साली "ज्ञानोदय"मध्ये मुक्ता साळवे या मांग समाजातील १४ वर्षांच्या मुलीचा निबंध छापून आला. ती पुण्यात जोतीराव फुल्यांच्या शाळेत शिकत होती. "ज्ञानोदय" हे नियतकालिक अमेरिकन मराठी मिशनने १८४२ साली आमच्या नगर शहरातच सुरू केलेले. मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिताना मुक्ता सांगते की, मांग-महारांना तेल-शेंदूर पाजून मोठमोठ्या इमारतींच्या पायात गाडले जात असे. खर्ड्याच्या पायात कोणाला गाडले, असा आरोप आम्ही करत नाही. आमच्याकडे तसा पुरावा नाही आणि पुराव्याशिवाय बोलण्याची सवय बाबासाहेबांनी आम्हाला लावलेली नाही. पण एवढे नक्की की, निंबाळकरांचा किल्ला उभा राहून शंभर-सव्वाशे वर्षे झाली तेव्हा एक अस्पृश्य मुलगी वाड्यांकडे पाहत होती आणि तिला नक्षीदार खांब दिसत नव्हते, पायातली माणसे दिसत होती. वाड्याचा इतिहास दाराच्या बाहेरून लिहिण्याची आमची परंपरा इथून सुरू होते. ती परदेशी विद्यापीठातून उसनी आणलेली नाही.

आता ज्या दिवसामुळे खर्डा इतिहासाच्या पुस्तकात आहे त्या दिवसाकडे येऊ. ११ मार्च १७९५. चौथ-सरदेशमुखीच्या थकबाकीवरून पेशवे आणि निजाम अली यांच्यात लढाई झाली. निजामाचा दिवाण मुशीरुल्मुल्क हिशेब देईना आणि पेशव्यांच्या वकिलाचा दरबारात अपमान झाला, हे निमित्त. पेशवा सवाई माधवराव २० वर्षांचा, कारभार नाना फडणीसांच्या हातात आणि मैदानावर सेनापती परशुरामभाऊ पटवर्धन. शिंद्यांच्या कवायती पलटणी पेराँ या फ्रेंच अधिकाऱ्याच्या हाताखाली, तर निजामाच्या पलटणी रेमाँ या दुसऱ्या फ्रेंच माणसाच्या हाताखाली. इंग्रजांचा गव्हर्नर जनरल जॉन शोअर तटस्थ राहिला. लढाईत माणसे फार पडली नाहीत, पण रात्री निजामाने माघार घेतली आणि तो खर्ड्याच्या किल्ल्यात जाऊन बसला. आत पाण्याची टंचाई, बाहेर मराठ्यांच्या तोफा. शेवटी तह झाला. परांड्यापासून तापीपर्यंतचा सरहद्दीवरचा मुलूख, दौलताबादचा किल्ला, ३ कोटी रुपये आणि खुद्द मुशीरुल्मुल्क पेशव्यांच्या ताब्यात, असा तो तह. यातले बरेचसे पुढच्याच वर्षी पेशवाईच्या वारसाच्या भांडणात हातचे गेले.

हे तपशील मुद्दाम दिले. या लढाईला आज हिंदू विरुद्ध मुसलमान असा रंग चढवला जातो. प्रत्यक्षात किल्ला मराठा सरदाराने बांधलेला, तो सरदार निजामाचा, निजाम त्याच किल्ल्यात कोंडला गेलेला, आणि दोन्ही सैन्यांच्या कवायती पलटणींचे अधिकारी फ्रेंच. भांडण वसुलीचे होते. ते ३ कोटी रुपये शेवटी ज्या रयतेच्या घामातून निघणार होते, तिला तहाच्या वेळी कोणी विचारले नाही.

याच लढाईत परशुरामभाऊंच्या सैन्यात महारांचे एक पथक होते आणि त्याचे नायक होते मिरजेजवळच्या कळंबी गावचे शिदनाक महार. आमच्या समाजात पिढ्यानपिढ्या सांगितली जाणारी हकिकत अशी. छावणी पडली तेव्हा शिदनाकांची राहुटी इतर सरदारांच्या राहुट्यांच्या रांगेत लागली. लगेच कुरबुर सुरू झाली. महाराची राहुटी आमच्या शेजारी कशी? तक्रार थेट वरपर्यंत गेली. शेवटी एका जाणत्या सरदाराने निवाडा दिला की, ही जेवणाची पंगत नव्हे, ही तलवारबहाद्दरांची रांग आहे, इथे जात पाहायची नाही. राहुटी जागची हलली नाही. पुढे लढाईत परशुरामभाऊ शत्रूच्या घेऱ्यात सापडले, जखमी झाले, तेव्हा शिदनाकांनी त्यांचा जीव वाचवला, असेही ही हकिकत सांगते.

इथे कोणी म्हणेल, पुरावा काय? प्रश्न रास्त आहे. ग्रँट डफने १८२६ साली छापलेल्या मराठ्यांच्या इतिहासात परशुरामभाऊंवर लालखान या पठाणाने हल्ला केला, ते जखमी झाले आणि त्यांचा मुलगा हरिपंत याने लालखानाला मारले, असे लिहिले आहे. तिथे शिदनाक नाहीत. भाऊ जखमी झाले यावर दोन्ही कथनांचे एकमत आहे. वाचवले कोणी, यावर नाही. बखर लिहिणारे कोण, दफ्तर सांभाळणारे कोण, ग्रँट डफला कागद पुरवणारे कोण, हे लक्षात घेतले तर एका महार नायकाचे नाव कागदावर का चढत नाही याचे फार कोडे पडत नाही. तरीही भाऊंचा जीव कोणी वाचवला या वादात आम्हाला अडकायचे नाही. स्वामिनिष्ठेचे प्रशस्तिपत्र मिळवणे हा आमच्या इतिहासाचा हेतूच नाही. आमचे लक्ष आहे त्या राहुटीवर.

कारण ही राहुटीची गोष्ट आज दोन टोकांनी वापरली जाते. एका बाजूला आमचेच काही बांधव ती अभिमानाने सांगतात आणि तिथेच थांबतात. दुसऱ्या बाजूला पेशवाईचे वकील तीच गोष्ट पुढे करून म्हणतात, बघा, त्या काळीसुद्धा जातीयता नव्हती, महाराची राहुटी सरदारांच्या रांगेत होती! आमचे दोघांनाही सांगणे आहे की तो निवाडा पुन्हा एकदा नीट वाचा. "इथे" जात पाहायची नाही. म्हणजे इथून उठल्यावर पाहायची. "ही पंगत नव्हे" म्हणजे पंगत असती तर शिदनाकांना उठवले असते. या निवाड्यात समता नाही, सवलत आहे. आणि सवलतीला मुदत असते. लढाई संपली की मुदत संपली. बाबासाहेबांनी १९३६ साली "जातिनिर्मूलन"मध्ये ज्या पुण्याचे वर्णन केले आहे, जिथे अस्पृश्याला थुंकीसाठी गळ्यात मडके बांधून फिरावे लागे, ते पुणे याच पेशव्यांचे. खर्ड्याचा विजय साजरा करत सैन्य त्याच पुण्याला परतले.

समाजशास्त्र शिकताना आम्ही हे वाचले होते की, जात ही केवळ मनातली भावना नसून ती जागेची मांडणी असते. कोणी कुठे बसायचे, कुठून चालायचे, कोणत्या पाणवठ्यावर जायचे. खर्ड्याइतके याचे स्वच्छ उदाहरण आम्हाला दुसरे दिसत नाही. एकाच गावच्या शिवारात दोन नकाशे होते. एक गढीचा, कायमचा, ज्यात महार वेशीबाहेर. दुसरा छावणीचा, चार दिवसांचा, ज्यात महाराची राहुटी रांगेत. छावणी उठली. गढी राहिली.

पुढचा इतिहास सर्वांना माहीत आहे. खर्ड्यानंतर अवघ्या २३ वर्षांनी, १ जानेवारी १८१८ रोजी, कोरेगाव भीमा येथे महार सैनिक पेशव्यांच्या विरुद्ध लढले. तिथल्या विजयस्तंभावर "नाक" अशी अखेर असलेली २२ नावे कोरलेली आहेत. १७९५ ला पेशव्यांच्या बाजूने आणि १८१८ ला विरुद्ध, हा द्रोह म्हणायचा का? ज्या राज्याने राहुटीपुरती जागा दिली आणि घरापुरती नाकारली, त्या राज्याशी कसला द्रोह? पण इंग्रजांनीही तेच केले. गरज होती तोवर महारांची भरती केली आणि १८९० च्या दशकात ती बंद केली. तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली अर्ज लिहून आमच्या पराक्रमाचे दाखले दिले. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनीही तोच मार्ग धरला. राज्यकर्ते बदलले, भाषा बदलली, पण राहुटीचा नियम कायम होता. गरजेपुरते रांगेत, नंतर बाहेर.

हा नियम मुळातून मोडला तो बाबासाहेबांनी. त्यांनी शौर्याच्या बदल्यात जागा मागितली नाही, माणूस म्हणून हक्क मागितला. आणि गढीच्या दाराला आम्हाला बांधून ठेवणारा दोर कोणता, हे त्यांनी अचूक ओळखले होते. तो दोर म्हणजे महारवतन. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक त्यांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात मांडले. १६ डिसेंबर १९३९ रोजी ते आमच्याच जिल्ह्यात हरेगावला आले आणि वतनदार महार-मांगांच्या परिषदेत वतनी जमिनींवर सरकारने लादलेल्या वाढीव जुडीविरुद्ध बोलले. कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला. त्याआधी २६ जानेवारी १९५० पासून संविधानाच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली होती. त्या सरदाराचा निवाडा आणि हे १७ वे कलम यांत फरक एवढाच की निवाडा "इथे" म्हणतो आणि कलम असे कोणतेही "इथे" मानत नाही. कोणत्याही स्वरूपात, कोणत्याही ठिकाणी, नाही.

कागदावर गोष्ट इथे संपायला हवी होती. संपली नाही. २८ एप्रिल २०१४ रोजी, बाबासाहेबांच्या जयंतीला जेमतेम दोन आठवडे झाले असताना, याच खर्ड्यात १७ वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याला भरदिवसा मारहाण करून ठार केले गेले आणि त्याचा देह झाडाला लटकवला गेला. वरच्या समजल्या जाणाऱ्या जातीतील मुलीशी तो बोलतो, एवढाच संशय होता. त्या मुलाने तलवार मागितली नव्हती, सरदारी मागितली नव्हती. शाळेत बरोबरीने बसणाऱ्या मुलांनी एकमेकांशी बोलावे इतकी साधी गोष्ट होती. शिदनाकांची राहुटी रांगेत लागल्याला २१९ वर्षे झाली होती, आणि त्याच गावात वेशीची ती रेघ एका मुलाच्या जिवापेक्षा मोठी ठरली.

खटला चालला. साक्षीदार एकामागून एक फुटले. नोव्हेंबर २०१७ मध्ये नगरच्या सत्र न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडले. याच जिल्ह्यातील सोनईत १ जानेवारी २०१३ रोजी झालेल्या तिहेरी हत्याकांडाचा खटला नाशिकला चालला आणि तिथे जानेवारी २०१८ मध्ये दोषींना शिक्षा सुनावली गेली. दोन महिन्यांच्या अंतराने आलेले हे दोन निकाल शेजारी ठेवून पाहा. साक्षीदार का फुटतात, हे जामखेड, कर्जत, पाथर्डीच्या वाड्या-वस्त्यांवर काम करणाऱ्या आमच्यासारख्यांना कोणी शिकवायला नको. ज्याच्या शेतावर मजुरीला जायचे, ज्याच्या दुकानातून उधारी आणायची, ज्याच्या विहिरीवरून पाणी घ्यायचे, त्याच्याविरुद्ध कोर्टात उभे राहायचे असते. गढीच्या भिंती पडल्या, पण गढीची सत्ता जमिनीत, पतसंस्थेत आणि ग्रामपंचायतीत राहायला गेली. अॅट्रॉसिटी कायद्यात पीडित आणि साक्षीदारांच्या हक्कांचे प्रकरण जानेवारी २०१६ पासून लागू आहे, सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये साक्षीदार संरक्षण योजनेला मान्यता दिली. ही कलमे गावपातळीवर उतरल्याशिवाय त्यांचा उपयोग नाही.

ऑक्टोबर २०२१ मध्ये दसऱ्याला खर्ड्याच्या किल्ल्यावर ७४ मीटर उंचीचा स्वराज्य ध्वज उभारला गेला. पर्यटक येतात, फोटो काढतात. किल्ला जपला जावा, पडका वाडा सावरला जावा, असे आम्हालाही वाटते. ज्या भिंतीत आमच्या पूर्वजांचा घाम आहे ती पडावी असे आम्हाला का वाटेल? पण जतन कशाचे करायचे, हे ठरवण्याच्या बैठकीत आमची जागा कुठे आहे, हे आम्ही विचारणार. आमच्या मागण्या तीन आहेत. खर्ड्याचा अधिकृत इतिहास जिथे जिथे मांडला जाईल तिथे शिदनाक महारांचे नाव आणि राहुटीची हकिकत, तिच्या अर्थासह, मांडली जावी. गढी आणि किल्ल्याच्या माहितीत बेलदार, वडार, पाथरवट, महार, मांग या राबणाऱ्या जातींचा आणि वतनाच्या वेठीचा स्पष्ट उल्लेख असावा. आणि जिल्ह्यातील अत्याचाराच्या प्रत्येक खटल्यात साक्षीदाराला संरक्षण मिळाले की नाही, याचा जाब जिल्हा दक्षता समितीला दर तीन महिन्यांनी जाहीरपणे द्यावा लागावा.

पहिल्या दोन मागण्या इतिहासाच्या आहेत आणि तिसरी आजची, असे कोणाला वाटेल. आम्हाला तसे वाटत नाही. शिदनाकांचे नाव दफ्तरात न चढणे आणि साक्षीदाराचा जबाब कोर्टात न टिकणे, या दोन्हींत बोलणाऱ्याचे तोंड एकाच हाताने दाबलेले आहे. आमच्या मुलांनी खर्ड्याला जरूर जावे. तट पाहावा, बारव पाहावी, ध्वजही पाहावा. मग दरवाजात उभे राहून स्वतःला विचारावे की, या दारातून आपण आज आत आलो ते कोणाच्या मेहेरबानीने? उत्तर एकच आहे. कोणाच्याही नाही. संविधानाने.

जय भीम!